रेफरी बोलतो ते ऐका: पूल खेळताना या चुका टाळा

क्लबच्या पूल स्पर्धेत (पूल म्हणजे टेबलावर क्यूनं, म्हणजे काठीनं, बॉल पॉकेटमध्ये घालण्याचा खेळ) हमखास ऐकू येणारा वाद म्हणजे, “अहो, बॉल कुशनला चिकटलेलाच होता!” (कुशन म्हणजे टेबलाची रबरी कड.) असेलही. पण फटक्याआधी तसं कुणी जाहीर केलं होतं का? केलं नसेल, तर नियमाच्या लेखी तो चिकटलेला नव्हताच. पूलमध्ये रेफरीची घोषणा म्हणजे कॉमेंट्री नव्हे. काही नियम ती झाल्यावरच लागू होतात.

हा कुशनचाच नियम बघा. पांढरा बॉल दुसऱ्या बॉलला लागल्यावर एखादा बॉल पॉकेटमध्ये तरी जायला हवा, नाहीतर कुठला तरी बॉल कुशनपर्यंत पोचायला हवा. कुशनला आधीच टेकलेला बॉल तिथंच दाबला गेला तर ते धरत नाहीत. तो सुटून परत यायला हवा किंवा दुसरं कुशन गाठायला हवं. म्हणून समोरचा सेफ्टीच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अडचणीत टाकणाऱ्या फटक्याच्या, तयारीत दिसला, की खुर्चीवर बसून राहू नका. उठा आणि बॉल कुशनला टेकलाय का ते रेफरीला बघायला सांगा. फटका झाल्यावर हुज्जत घालून काही मिळत नाही.

आपल्याकडे बरेच जण आधी स्नूकर शिकतात आणि मग पूलकडे वळतात. त्यांचा घोळ होतो तो पांढरा बॉल दुसऱ्या बॉलला टेकलेला असताना. स्नूकरमध्ये रेफरी ‘टचिंग बॉल’ म्हणाला आणि तो बॉल ‘ऑन’ (म्हणजे त्या वेळी मारायचा) असला, की त्याला न हलवता पांढरा दुसरीकडे काढायचा. तो बॉल लागला असंच धरतात. पूलमध्ये नेमकं उलटं आहे. तिथं दुसरीकडे मारलं तर टेकलेला बॉल लागला असं धरत नाहीत. नाइन-बॉल या पूलच्या प्रकारात टेबलावरचा सर्वांत कमी आकड्याचा बॉल आधी लागावा लागतो. तोच टेकलेला असेल आणि तुम्ही स्नूकरच्या सवयीनं पांढरा अलगद बाजूला काढलात, तर सरळ फाउल. याउलट तो टेकलेला आहे हे जाहीर झालेलं असेल, तर त्याच्याच दिशेनं खुशाल मारा. ती घोषणा मागून घेणं मात्र तुमचं काम, कारण तुम्हीच मारणार आहात. न मागता मारलंत तर दोन्ही बॉलमध्ये अंतर होतं असं गृहीत धरतात आणि डबल हिटचा (क्यू पांढऱ्याला दोनदा लागल्याचा) फाउल गळ्यात पडू शकतो.

नाइन-बॉलमध्ये एकाच रॅकमध्ये (म्हणजे एका डावात) लागोपाठ तीन फाउल झाले की रॅक जातो. दोन झालेला खेळाडू टेबलाशी आला, की रेफरीनं त्याला तसं सांगावंच लागतं. सांगितलं नाही, तर पुढचा फाउल दुसराच मोजतात. कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’ असते, तसाच हा प्रसंग. काहींना हा इशारा म्हणजे टोमणा वाटतो आणि ते रेफरीवरच चिडतात. खरं तर त्यात खेळाडूचंच संरक्षण आहे. (एट-बॉल या पूलच्या दुसऱ्या प्रकारात तीन फाउलचा हा नियम नाही, तिथं मोजत बसू नका.)

नाइन-बॉलमध्ये ब्रेकनंतरच्या (डाव सुरू करणाऱ्या फटक्यानंतरच्या) पहिल्या फटक्याला पुश आउट, म्हणजे ठरलेला बॉल आधी लागण्याचं बंधन नसलेला फटका, घ्यायचा असेल तर तोंडानं सांगा. मान हलवून, क्यू दाखवून भागवू नका. न सांगता मारलात तर तो साधा फटका ठरतो आणि चुकीचा बॉल आधी लागला की फाउल.

आणखी एक, घाईची चूक: समोरच्याचा फाउल झाला असं वाटताच पांढरा बॉल उचलणं. ‘फाउल’ हा शब्द कानावर पडेपर्यंत हात खिशात ठेवा. तो फाउल नव्हताच असं निघालं, तर चालू डावातल्या बॉलला हात लावल्याबद्दल फाउल तुमचा.

आपल्या बहुतेक सामन्यांना रेफरी नसतोच. तेव्हा जो मारत नाही, त्यानंच रेफरीचं काम करायचं असतं. म्हणजे “तुमचे दोन फाउल झालेत हं,” हे प्रतिस्पर्ध्याला तुम्हीच सांगायचं. अवघड वाटून गप्प बसलात, तर त्याच्या तिसऱ्या फाउलवर रॅक तुम्हाला मिळणार नाही.