चिप असलेली गाडीची किल्ली: नवी करून घेण्याची आणि गाडीला जोडण्याची रीत

गाडीची जादा किल्ली करून घ्यायची ती एक चालू किल्ली हातात असतानाच. तेव्हा हे काम बहुतेक गाड्यांत थोडक्या वेळात उरकते. सगळ्या किल्ल्या हरवल्यावर मात्र सुरुवातच अनेकदा गाडी उचलून नेण्यापासून होते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. जुनी गाडी विकत घेताना एकच किल्ली मिळाली असेल, तर दुसरीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा, कारण तो पुढे आपल्यालाच करावा लागणार असतो.

किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक छोटी चिप बसवलेली असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे असते. किल्ली फिरवताच ते बहुधा १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, त्यावर चिप जागी होते आणि आपली ओळख पाठवते. जुन्या चिपा ठरावीक क्रमांक सांगून मोकळ्या होत. नंतरच्या पिढीत गाडी दर वेळी नवा आकडा पाठवते आणि चिपला आपल्या गुप्त संकेतावरून त्याचे उत्तर काढून द्यावे लागते. उत्तर चुकले की इमोबिलायझर, म्हणजे ओळख पटल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा, इंजिनाचे इंधन किंवा ठिणगी रोखतो, आणि मग काही गाड्यांत स्टार्टरच फिरत नाही, तर काहींत इंजिन क्षणभर सुरू होऊन बंद पडते. जर्मनीत विमा कंपन्यांच्या आग्रहामुळे १९९५ पासून आणि युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा लागू झाली; आपल्याकडे मारुती सुझुकी तिला ‘आयकॅट्स’ म्हणते. सांगण्याचा मुद्दा असा की, किल्ली घडवणाऱ्याला आपण जे पैसे देतो ते धातूच्या पात्याचे कमी आणि गाडीच्या स्मृतीतल्या एका नोंदीचे जास्त असतात.

दारे उघडणारा रिमोट त्याच डोक्यात असला तरी तो वेगळा भाग आहे. भारतात तो सहसा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याला सीआर२०३२ किंवा तत्सम सेल लागतो. दारे रिमोटने उघडत नाहीत, पण गाडी सुरू होते, अशी तक्रार असेल तर आधी सेल बदलावा. या एका गोष्टीकडे लक्ष न गेल्याने अनेक जण विनाकारण नव्या किल्लीचा खर्च करतात. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत सेल पूर्ण संपला, तरी किल्ली बटणापाशी किंवा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवल्यास गाडी सुरू होते, कारण तिच्यातही बिनसेलची चिप असतेच.

आपल्या किल्लीत चिप आहे की नाही, हे पाहण्यासाठी किल्लीचे डोके स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या चार-पाच थरांत घट्ट गुंडाळावे, पाते उघडे ठेवावे आणि गाडी सुरू करून पाहावी. इंजिन सुरू राहिले नाही आणि डॅशबोर्डवरचा किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला, तर चिप आहे असे समजावे.

किल्ली चोरीला गेली असेल, तर पोलिसांत तक्रार द्यावी. नुसती हरवली असेल, तर महाराष्ट्रात गहाळ वस्तूची नोंद पोलिसांच्या संकेतस्थळावर करता येते. त्या नोंदीची प्रत विमा कंपनीसाठी जपून ठेवावी. पॉलिसीत किल्ली बदलण्याचे जादा संरक्षण घेतले असेल, तर काम करवून घेण्याआधीच कंपनीला कळवावे. पुढे कधी गाडी चोरीला गेली, तर भरपाई देताना विमा कंपनी गाडीच्या सगळ्या किल्ल्या मागते, आणि तेव्हा दुसरी किल्ली कुठे आहे याचे उत्तर कागदावर असलेले बरे.

काम करून घेण्याचे दोन मार्ग आहेत. अधिकृत सेवा केंद्रात नोंदणी प्रमाणपत्र आणि मालकाचे ओळखपत्र दाखवावे लागते. चॅसी क्रमांकावरून किल्ली मागवली जाते आणि ती यायला काही दिवस लागू शकतात. गाडीबरोबर मिळालेल्या धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या छोट्या पट्टीवर किल्लीचा क्रमांक असतो. तो हाताशी असेल तर जुन्या, झिजलेल्या पात्याची नक्कल न करता मूळ मापाचे पाते कापता येते. दुसरा मार्ग यंत्रे बाळगणाऱ्या कुशल चावीवाल्याचा. तो स्वस्त पडतो आणि अनेकदा घरी येऊन काम करतो, पण त्याने कागदपत्रे विचारलीच नाहीत, तर ती सोय न मानता धोक्याची खूण मानावी.

चावीवाल्याला एक प्रश्न आवर्जून विचारावा: चिपची नक्कल करणार की नवी किल्ली गाडीला जोडणार? नक्कल करताना जुन्या चिपची ओळख नव्या चिपवर उतरवतात, त्यामुळे गाडीला दोन्ही किल्ल्या एकच वाटतात. हे काम गाडीला हात न लावता होते, पण उद्या त्यांतली एक हरवली, तर तिची नोंद पुसताच दुसरीही निकामी होते. जोडलेल्या किल्लीची नोंद स्वतंत्र असते आणि ती एकटी पुसता येते. थोडे जास्त पैसे पडले तरी जोडणीच करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोरी किल्ली निवडताना चिपची जात जुळली पाहिजे, आणि ती गाडीच्या नावावरून नव्हे, तर मॉडेल व उत्पादनवर्ष पाहून ठरते. अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेला रिमोट इथे अनेकदा चालत नाही, कारण तिकडे ३१५ मेगाहर्ट्झ प्रचलित आहे. वापरलेली किल्लीही घेऊ नये. अनेक चिपा एकदा एका गाडीला बांधल्या गेल्या की पुन्हा लिहिता येत नाहीत.

प्रत्यक्ष जोडणीच्या दिवशी घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्याव्यात, कारण काही गाड्यांत नव्या जोडणीच्या वेळी जुन्या सर्व नोंदी पुसल्या जातात आणि जी किल्ली त्या बैठकीत दाखवली नाही ती कायमची बाहेर राहते. गाडीची बॅटरी सशक्त असावी. काम चालू असताना विद्युतदाब घसरला तर नोंद अर्धवट राहून इमोबिलायझर अडकू शकतो, म्हणून चांगला कारागीर आधी चार्जर जोडतो. स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटला (गाडीची संगणकीय तपासणी करण्याच्या जोडणीला) यंत्र जोडून इग्निशन चालू करतात, बऱ्याच गाड्यांत सुरक्षा संकेतांक द्यावा लागतो, आणि मग एकेक किल्ली फिरवून तिची नोंद करतात. संकेतांक वारंवार चुकला तर यंत्रणा काही काळ प्रवेशच देत नाही, तेव्हा अंदाजाने आकडे टाकू देऊ नयेत. एकीची नोंद चालू असताना इतर चिपवाल्या किल्ल्या त्याच कडीत ठेवू नयेत. रिमोटची जोडणी अनेकदा वेगळी करावी लागते, हेही आधीच बोलून घ्यावे.

एकही किल्ली उरली नसेल, तर काही गाड्यांत किल्ल्यांच्या नोंदी ठेवणारी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक पेटी काढून तिच्या स्मृतीतली माहिती वाचावी लागते, आणि हे काम अर्धवट जाणकाराच्या हाती देण्यासारखे नाही. स्टीअरिंग कुलूपबंद असल्याने गाडी चाकांवर न ओढता सपाट ट्रकवर चढवून न्यावी.

काम संपल्यावर गाडीत किती किल्ल्यांची नोंद आहे, तो आकडा यंत्राच्या पडद्यावर दाखवायला सांगावा; तो हातातल्या किल्ल्यांपेक्षा जास्त असेल, तर हरवलेलीची नोंद अजून जिवंत आहे. मात्र नोंद पुसली तरी तिचे पाते दार उघडतेच. किल्लीबरोबर घराचा पत्ता गेला असेल, तर दारांची कुलपेही बदलावीत. पैसे देण्यापूर्वी प्रत्येक किल्लीने इंजिन सुरू करून थोडा वेळ चालू ठेवावे, दार व डिकी पात्यानेही उघडून पाहावी आणि बिलावर ‘नवी किल्ली जोडली, जुनी नोंद पुसली’ असे लिहून घ्यावे. संकेतांक व किल्लीचा क्रमांक मिळाला असेल, तर तो घरी ठेवावा, गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात नाही.