हर्णैच्या म्हाकुलापासून मेंदूच्या सर्किटपर्यंत

दापोलीत बीएस्सी झूलॉजी करून मी न्यूरोसायन्सला गेलो, म्हणून इकडची पोरं अधूनमधून विचारतात की दादा, आपल्या कॉलेजात साधा मायक्रोस्कोप धड नसतो, मग मेंदूचं सर्किट, म्हणजे चेतापेशींच्या जोडण्यांचं जाळं, वगैरे आपल्याला जमणार का. जमतं. खरंच जमतं.

सुरुवात हर्णै बंदरावरच करा. संध्याकाळच्या लिलावातून ताजं म्हाकूल (स्क्विड) आणा, पोटाच्या बाजूने उभं चिरा, आतलं हळूच काढा आणि पाठीच्या आतल्या बाजूला बघा, दोन्हीकडे चांदणीसारख्या पसरलेल्या पांढऱ्या नसा दिसतात. त्यातल्या सगळ्यात जाड नसेत चेतापेशीचा (न्यूरॉनचा) जो जाड लांब धागा म्हणजे जायंट अ‍ॅक्सॉन असतो तसल्याच अ‍ॅक्सॉनच्या आत हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी तार घातली, आणि मेंदूतला सिग्नल म्हणजे सोडियम-पोटॅशियमची ये-जा हे 1952 साली गणिताने मांडलं. आपल्या पेशी त्यामानाने फारच बारीक, तिथे तार कुठून घालणार, म्हणून नेहर आणि साकमन यांनी 1976 साली काचेची बारीक नळी (पिपेट) पेशीला चिकटवून तिचा करंट मोजायची पॅच क्लॅम्प ही पद्धत काढली.

प्रवेशाचं थोडक्यात सांगतो. जॅम (एमएस्सी प्रवेशाची परीक्षा) आणि टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची परीक्षा द्या, आणि तीन विज्ञान अकादम्यांची मिळून जी दोन महिन्यांची समर फेलोशिप असते तिला अर्ज कराच, मला पहिल्यांदा खरी लॅब तिच्यामुळेच बघायला मिळाली.

लॅबमधले पहिले महिने मात्र मन घट्ट करून जा. पिपेटचं टोक साधारण एक मायक्रॉनचं, ते पेशीला टेकवायचं आणि नळीतून तोंडाने अगदी हलकं ओढायचं, की रेझिस्टन्स काही मेगाओहमवरून गिगाओहमवर जातो. स्क्रीनवरची लाइन तेव्हा एकदम सपाट होते, यालाच सील होणं म्हणतात. माझी सील तीन आठवडे झाली नाही. पेशी फुगून फुटायच्या आणि मी हाताला दोष देत बसलो, शेवटी शेजारच्या सीनियर ताईने विचारलं, सोल्युशनची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, मोजलीस का रे? मोजलीच नव्हती! तेव्हापासून वहीत रोज तारीख, सोल्युशनचा आकडा, पिपेटचा रेझिस्टन्स आणि सील झाली की नाही हे लिहितो, फसलेला दिवससुद्धा. 50 हर्ट्झचा, म्हणजे घरातल्या विजेचा, नॉइज आला तर आधी अर्थिंग तपासा, न्यूरॉनचा शोध लागला म्हणून नाचू नका.

आता सर्किटचं, कारण इथेच नवीन माणूस घसरतो. कॅल्शियम इमेजिंगमध्ये (पेशीत कॅल्शियम वाढलं की ती चमकते अशी पद्धत) एखादी पेशी चमकली म्हणजे त्या वेळी ती जागी होती एवढंच कळतं, वागणूक तिच्यामुळे झाली हे नाही कळत. त्यासाठी ती पेशी बंद करून बघावी लागते, मग चालू करून बघावी लागते, आणि ऑप्टोजेनेटिक्सने ते प्रकाश टाकून करता येतं. नुसता नकाशा असून भागत नाही. सी. एलिगन्स या जंताचे 302 न्यूरॉन, त्यांची जोडणी 1986 सालीच छापून आली, तरी तो जंत कसा वागेल हे आजही त्यावरून पूर्ण सांगता येत नाही. म्हणून टेक्निक निवडायच्या आधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहा आणि ही टेक्निक त्याचं उत्तर देऊ शकते का ते गाइडला विचारा, न लाजता.

घरबसल्या पायथन शिका, न्यूरॉन नावाचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हॉजकिन-हक्सलीची पेशी साध्या लॅपटॉपवरही चालते.

आणि म्हाकूल आणायचं तर मे संपायच्या आत आणा, 1 जूनला बोटी बंद होतात.