ब्राऊन राईसची इडली अखेर फुगली!

तीन वेळा इडल्या चपट्या आणि चिवट झाल्या. चव छान, पण मोडली की आत ओलसर, गच्च गोळा. आधी वाटलं पीठच आंबत नाहीये. पण पीठ आंबट तर होत होतं, फुगत मात्र नव्हतं!

चूक भिजवण्यात होती. ब्राऊन राईसवर कोंड्याचा थर तसाच असतो, त्यामुळे पाणी आत मुरायला वेळ लागतो. मी पांढऱ्या तांदळासारखा चार तास भिजवून डाळीसोबतच वाटत होते. आता तांदूळ दहा तास भिजवते. दाणा नखाने दाबला की तुटला पाहिजे. उडीद डाळ वेगळी, चार तास, त्यात अर्धा चमचा मेथी. प्रमाण तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ.

खरी किमया डाळीच्या वाटणात आहे. गार पाणी थोडं थोडं घालत ती लोण्यासारखी हलकी होईपर्यंत वाटायची. वाटीभर पाण्यात थेंब टाकून बघते: तरंगला तर झालं, बुडाला तर अजून वाटायचं. तांदूळ मात्र बारीक रव्यासारखा ठेवते, मूठभर भिजवलेले पोहे घालून.

दोन्ही वाटणं हाताने कालवून रात्रभर उबदार जागी. सकाळी फुगलेलं पीठ ढवळायचं नाही, कडेने अलगद पळी घालून साचे भरायचे. बारा-पंधरा मिनिटं वाफ, मग पाच मिनिटं थांबून काढायच्या.

रंग थोडा तपकिरी येतो, पण बोटाने दाबली की इडली परत वर येते.