“आमच्याकडं सगळ्यांनाच असतं”: रक्तस्रावाची नोंद कशी लिहावी

भाचीची पाळी नऊ-नऊ दिवस थांबेना, तेव्हा कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी आई शांतपणे म्हणाली, “त्यात काय एवढं? आमच्याकडं सगळ्या बायकांना असंच जातंय.” जन्मजात रक्तस्रावाचे आजार वर्षानुवर्षं लपतात ते असल्याच वाक्यामागं.

डॉक्टरांकडं जायच्या आधी एक वही घ्या. “रक्त जास्त जातं का?” असं कुणाला विचारू नका, उत्तर “नाही” असंच येतं. विचारायचं ते असं: किती वेळा, किती वेळ, आणि थांबवायला काय करावं लागलं? तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. जगभरचे डॉक्टर रक्तस्राव गुणांत मोजायला वापरतात ती आयएसटीएच-बॅट प्रश्नावली याच पायावर उभी आहे. त्यात 14 प्रकारच्या रक्तस्रावांना 0 ते 4 गुण असतात आणि उपचार जेवढा मोठा लागला, तेवढे गुण वाढतात. बेरीज प्रौढ पुरुषात 4, बाईत 6 आणि मुलात 3 किंवा त्याहून जास्त झाली, की पुढच्या तपासण्या कराव्यात. बेरीज डॉक्टरांना करू द्या, आपण प्रसंग लिहायचे.

सुरुवात नाकापासून करा. उन्हाळ्यात पोरांचा घोळणा फुटतोच, ते सोडून द्या. वर्षात पाचपेक्षा जास्त वेळा फुटला, किंवा एका वेळी 10 मिनिटांवर वाहिला, तर लिहा. मान मागं टाकून कांदा हुंगवत घालवलेली 10 मिनिटं मात्र धरू नका. पुढं वाकून, नाकाचा मऊ भाग सलग दाबून धरूनही थांबलं नाही, तर ते खरं.

अंगावरचे काळेनिळे डाग बघताना जागा बघा. तालमीत जाणाऱ्या पोराच्या नडग्या निळ्या असणारच. मार न लागता पाठीवर, पोटावर डाग उठत असतील तर मोबाइलवर फोटो काढा, शेजारी नाणं ठेवून.

पाळीचं बायकांनीच बायकांना, दार लावून विचारावं. सात दिवसांवर जाते का? दोन तासांच्या आत पॅड बदलावं लागतं का? दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात? रात्री उठून चादर बदलावी लागते? लोहाच्या गोळ्या किती वेळा झाल्या? भाचीनं यातल्या चार प्रश्नांना मान हलवली. तोवर घरात कुणी विचारलंच नव्हतं.

मग दाढ काढणं, ऑपरेशन, बाळंतपण. दाढ कधी काढलीच नसेल तर “रक्त आलं नाही” लिहू नका, “प्रसंग आला नाही” लिहा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लहानपणी नाळेतून रक्त येत राहिलं होतं का, हे आजीला विचारा. फॅक्टर 13 हे रक्त गोठवणारं प्रथिन कमी असल्याची ती खूण असू शकते. मुलग्याचा गुडघा किंवा कोपर मार न लागता सुजत असेल तर हिमोफिलियाचा, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजाराचा, विचार होतो.

आता वंशावळ. हिमोफिलियासाठी आईकडचे मामा, मावशीची मुलं बघा, पण आधी कुणालाच नसतानाही तो होऊ शकतो. व्हॉन विलेब्रँड आजार, म्हणजे त्याच नावाचं रक्त गोठायला लागणारं प्रथिन कमी किंवा सदोष असणं, बाईलाही होतो, पुरुषालाही, आणि आईकडून किंवा वडिलांकडूनही येतो. आपल्याकडं मामा-आत्याच्या मुलांची लग्नं होतात, तेही लिहा. काही दुर्मीळ आजारांत सदोष जनुक आई-वडील दोघांकडून यावं लागतं. इथं आईला आठवलं, तिची दाढ काढली तेव्हा रात्रभर टॉवेल बदलले होते, सकाळी टाका घालावा लागला होता.

चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा, अॅस्पिरिन आणि दुखण्यावरच्या गोळ्या विशेषतः. निदान होईपर्यंत दंडातलं वा कमरेवरचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डोक्याला मार लागला तर वही घरीच ठेवा आणि थेट आमच्या कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यासारख्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.

प्लेटलेट, पीटी, एपीटीटी या रक्त गोठण्याच्या पहिल्या चाचण्या नॉर्मल आल्या म्हणून वही मिटू नका. सौम्य व्हॉन विलेब्रँड त्यातून निसटतो. त्याचं प्रथिन ताप, ताण, गरोदरपण यांत तात्पुरतं वाढतं, म्हणून चाचणी पुन्हा करावी लागते. भाचीची पहिली ऐन सर्दी-तापात झाली, नॉर्मल आली. दोन महिन्यांनी तेच प्रथिन कमी निघालं. पुढच्या खेपेला तपासणीसाठी रक्त द्यायच्या रांगेत तिच्यामागं आई उभी होती, वही हातात धरून.