जुना कॅम्पर ट्रेलर पहिल्यांदाच दुरुस्त करताय? या चुका टाळा

ओहायोतल्या एका शेतावर, धान्याच्या कोठाराच्या आडोशाला तो उभा होता. १९६०च्या दशकातला, १४ फुटी, पुढून-मागून गोलाई असलेला, गाडीमागे ओढत न्यायचा प्रवासी ट्रेलर. बाजूने पाहिलं तर हॅमच्या डब्यासारखा दिसतो, म्हणून अमेरिकेत या घाटाला ‘कॅन्ड हॅम’ म्हणतात. आत बर्च प्लायवूडचा मधासारखा रंग, छोटी गॅसची शेगडी, आणि खाली उतरवलं की पलंग होणारं टेबल. मी आणि माझा नवरा, दोघंही पहिल्या पाच मिनिटांतच त्याच्या प्रेमात पडलो. पुढे त्याच्या दुरुस्तीत दोन उन्हाळे गेले. त्यातला जवळजवळ एक उन्हाळा केलेलं काम उसकटून पुन्हा करण्यात गेला. तो वेळ तुमचा वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी रंग, मग गळती

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. या ट्रेलरचा सांगाडा साधारण पाऊण इंच जाडीच्या लाकडी पट्ट्यांचा असतो. आतून पातळ प्लाय आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. पत्रा कुजत नाही, म्हणून बाहेरून ट्रेलर ठणठणीत दिसतो आणि आत लाकडाचा भुसा झालेला असतो. विकत घेतानाच एक टोच्या जवळ ठेवा आणि मालकाची परवानगी घेऊन खालचे कोपरे, खिडक्यांच्या खालची पट्टी, छताच्या झरोक्याची कड, मागच्या दिव्यांच्या आसपासची जागा आणि पलंगाखालची जमीन टोचून बघा. टोच्या लोण्यात जावा तसा आत गेला, तर तिथलं लाकूड बदलावंच लागणार. प्लायवर चहा सांडल्यासारखे तपकिरी ओघळ दिसले, तर त्यांच्या वरच्या बाजूला शोध घ्या.

कौलारू घरात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पाणी एका कौलातून शिरतं, वाशावरून सरकत जातं आणि ठिबकतं तिसरीकडेच. ट्रेलरचंही तसंच. म्हणून गळती शोधताना बागेचा पाइप घ्या आणि खालून वर या. एकाने एकाच भागावर दहा मिनिटं हलकं पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. खालचा भाग कोरडा राहिला की मगच पाइप वर न्यायचा. छतापासून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

आम्ही मे महिन्यात आतून रंग दिला, पडदेही शिवले. जूनमधल्या पहिल्या वादळी पावसात खिडकीखालचा रंग फुगून आला. सुरी लावली तर रंगामागचं प्लाय पापुद्र्यासारखं निघालं.

सिलिकॉन

बाथरूमसाठी मिळणारी सिलिकॉनची ट्यूब ट्रेलरवर वापरू नका. रस्त्यावर ट्रेलर सतत हलतो, सांधे किंचित उघडमीट करतात, आणि सिलिकॉन कडेने सुटतं. मग फटीतून पाणी आत जातं, पण बाहेर पडायला वाट राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे सिलिकॉनचा थर राहिलेल्या जागेवर पुढे काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. आधीच्या मालकाने ओतलेलं सिलिकॉन खरवडून काढायला आम्हाला चार शनिवार-रविवार लागले.

खिडक्यांच्या चौकटी आणि कोपऱ्यांच्या पट्ट्या काढून त्यांच्याखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे रबरासारखी मऊ, चिकट पट्टी, लावायची, हा खरा उपाय. स्क्रू आवळले की टेप दाबली जाऊन कडेने बाहेर येते. उन्हात दोन दिवस ठेवून स्क्रू पुन्हा हलके आवळा, बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या पट्टीने कापा आणि मगच वरून सिलिकॉन नसलेल्या सीलंटची बारीक रेघ ओढा. नुसती वरून रेघ ओढून भागत नाही.

स्क्रू नुसताच फिरत राहिला, पकडच घेईना, तर लांब स्क्रू घालायचा मोह होतो. तो टाळा. तो आतल्या भिंतीतून बाहेर येईल किंवा वायरीत शिरेल. स्क्रू पकडत नाही याचा अर्थ मागचं लाकूड गेलं आहे, आणि काम तिथे करायचं आहे.

सगळं एकदम उचकटणं

उत्साहाच्या भरात एका दिवसात ट्रेलर रिकामा करता येतो, पण तसं करू नका. कारखान्यात असे ट्रेलर आतून बाहेर बांधले जात. जमीन, भिंती, कपाटं, मग वायरी आणि सर्वांत शेवटी पत्रा. कपाटांचे कितीतरी स्क्रू बाहेरून, पत्रा बसण्याआधी मारलेले असतात. त्यामुळे आतून कपाट खेचलं तर ते तुटतं. शिवाय ही कपाटंच भिंतींना उभं धरतात. ती सगळी एकदम काढली की भिंती कलतात, गोलाई बिघडते आणि परत बसवायला घेतलेला पत्रा भोकांशी जुळत नाही. एका वेळी एकच बाजू उघडा, बाकीच्यांना आडव्या पट्ट्यांचा आधार द्या.

कुजलेली पट्टी लगेच फेकूही नका. ती कितीही भुसभुशीत असली तरी त्या गोलाईचा दुसरा नमुना कुठेही मिळणार नाही. पुठ्ठ्यावर तिची रेघ काढा, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, पुठ्ठ्यावर ‘डावी, मागून दुसरी’ असं लिहा, मगच ती टाका.

पत्रे परत बसवण्याचा क्रम कौलं शाकारण्याचाच. खालचा आधी, वरचा त्याच्यावर, म्हणजे पाणी बाहेरून ओघळतं. पुढच्या बाजूला आमच्याकडून एक पत्रा उलटा बसला आणि गळतीचं कारण सापडेपर्यंत ऑक्टोबर उजाडला.

वीज आणि गॅस

ट्रेलरमध्ये दोन स्वतंत्र वीजव्यवस्था असतात. गाडीशी जोडलेली १२ व्होल्टची आणि कॅम्पग्राउंडवर, म्हणजे मुक्कामाच्या मैदानावर, मिळणारी १२० व्होल्टची. धोका असा की १२० व्होल्टमध्ये काळी वायर जिवंत आणि पांढरी न्यूट्रल, तर १२ व्होल्टमध्ये बऱ्याचदा काळी धन आणि पांढरी ऋण असते. रंगावर विसंबू नका, प्रत्येक वायर मीटरने तपासा.

इंडिकेटर दिला की दोन्हीकडचे दिवे मंद लुकलुकतात, ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतो, अशी तक्रार असेल तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंग बघा. ट्रेलरच्या चॅसीपासून गाडीच्या अर्थिंगपर्यंत एक तात्पुरती वायर जोडा. दिवे सुधारले तर दोष गंजलेल्या जोडणीत आहे. तिथला गंज आणि रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा.

१२० व्होल्टच्या कामाला मात्र जाणकार इलेक्ट्रिशियनच बोलवा. जुन्या ट्रेलरमध्ये अनेकदा अर्थिंगची वायरच नसते. शिवाय घराच्या मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडलेले असतात, ट्रेलरच्या पॅनेलमध्ये ते वेगळेच ठेवावे लागतात. ही चूक झाली तर बाहेरचा पत्रा जिवंत होऊ शकतो आणि ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दार उघडणाऱ्याला झटका बसतो.

शेगडीचा गॅस म्हणजे प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा अलार्म खाली बसवा. रबरी नळी आणि रेग्युलेटर जुने असतील तर सरळ नवे घ्या, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्वतंत्र हवा. जुना हीटर कितीही देखणा असला तरी तपासून घेतल्याशिवाय पेटवू नका आणि शेगडीवर ट्रेलर गरम करू नका.

झाडू मारण्याआधी

उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. त्या धुळीतून हंटाव्हायरस हा उंदरांकडून माणसाला होणारा घातक विषाणू पसरू शकतो. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडून पाच मिनिटं थांबा, मग हातमोजे घालून पुसा. १९७८च्या आधीच्या रंगात शिसं आणि जुन्या फरशीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून घासण्याआधी नमुना तपासून घ्या.

वजन कुठे ठेवलंत?

नव्या ओट्याच्या आणि टाकीच्या नादात ही गोष्ट विसरली जाते. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जिथे अडकतो त्या जोडावर, हवा, म्हणजे २,००० पौंडांच्या ट्रेलरला २०० ते ३००. आम्ही पाण्याची टाकी चाकांच्या मागे बसवली आणि पहिल्याच फेरीत, महामार्गाच्या उतारावर, ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागला. अशा वेळी ब्रेक करकचून दाबायचा नाही आणि वेगही वाढवायचा नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त ते गाडीतल्या कंट्रोलरवरून हाताने लावायचे. घरी येऊन आम्ही टाकी पुढे हलवली.

टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून खूश होऊ नका. कडेवरच्या DOT क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३वा आठवडा. इतका जुना टायर बदलायचा. बेअरिंग काढून, धुऊन, नवं ग्रीस भरा. पहिल्या प्रवासात दहा-पंधरा मैलांवर थांबून हाताची मागची बाजू दोन्ही हबजवळ, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाजवळ, न्या. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच गरम लागला तर पुढे जाऊ नका. ५० मैलांनंतर चाकाचे नट पुन्हा आवळा.

सगळं झाल्यावर पहिल्या मुक्कामाच्या सकाळी भिंतींना ओल दिसली, तर पत्रा काढायला धावू नका. आधी रात्री पाऊस पडला होता का ते आठवा. बंद डब्यात दोन माणसांचा रात्रभराचा श्वास थंड पत्र्यामागच्या प्लायवर पाणी होऊन उतरतो. छताचा झरोका दोन बोटं आणि एक खिडकी किंचित उघडी ठेवून झोपा. दुसऱ्या सकाळी भिंत कोरडी असेल तर तुमचे सांधे पक्के आहेत.