पाचव्या तारेची खुंटी: आधी भोक मोजा, मग पेग निवडा

सगळ्यात आधी आपण एकाच वाद्याबद्दल बोलतोय ना, हे पक्कं करून घ्या. मुंबईत किंवा कोकणात मिरवणुकीच्या दिवसांत 'बँजो' म्हटलं की बटणांचं बुलबुलतरंग डोळ्यांपुढे येतं. ते १९१२ साली जपानातल्या नागोयात निघालेल्या ताइशोगोतोचं आपल्याकडे रुळलेलं रूप. त्याला या लेखाचा काही उपयोग नाही. मी म्हणतोय तो डफासारख्या गोलावर पडदा ताणलेला, लांब दांडीचा, पाच तारांचा अमेरिकन बँजो. त्यातही आयरिश वादक वाजवतात तो चार तारांचा टेनर असेल, तर बाजूची खुंटीच नसते. आणि जुना इंग्लिश झिदर-बँजो हाती लागला असेल, तर पाचवी तार दांडीच्या आतल्या नळीतून थेट वरच्या टोकाला जाते, खुंटी तिथेच असते. तेव्हा दांडीच्या बाजूला, पाचव्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी) बोट फिरवा. तिथे खुंटी लागली तर पुढे वाचा.

सतार वाजवणाऱ्याला ही खुंटी परकी वाटणार नाही. आपल्या चिकारीच्या, म्हणजे सतत छेडायच्या तारांच्या, खुंट्याही दांडीच्या मध्येच, बाजूला बसवलेल्या असतात आणि तारा मोगऱ्यावरून (छोट्या टेकूवरून) पुढे जातात. बँजोची पाचवी तार तेच काम करते: अंगठ्याखाली सतत वाजणारा एकच वरचा स्वर. ही आखूड तार अमेरिकेत कोणी एकाने शोधली, असं व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनी या बँजोवादकाच्या नावावर बरीच वर्षं सांगितलं जायचं. पण पश्चिम आफ्रिकेतल्या जोला लोकांच्या अकोंटिंग या वाद्याला ती आहे, आणि स्वीनीच्या जन्माआधीच्या, अठराव्या शतकाच्या शेवटच्या एका अमेरिकन जलरंग चित्रातल्या बँजोलाही ती स्पष्ट दिसते. गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर ती आली.

या तारेचा एक हिशेब आधी डोक्यात बसवून घ्या, म्हणजे पुढची निवड सोपी जाते. तारा लावण्याच्या नेहमीच्या जी पद्धतीत (डी, जी ही पाश्चात्त्य स्वरांची नावं) पहिली तार डी, पाचवी तिच्या वरची जी, म्हणजे सा-म चं अंतर. आणि पाचव्या फ्रेटपासून घोडीपर्यंतची लांबी पूर्ण तारेच्या बरोबर पाऊण: पूर्ण लांबी साधारण ६६-६७ सेंमी असेल तर पाचवीची ५०. स्वर चार-तृतीयांशाने चढा, लांबी तीन-चतुर्थांश. त्यामुळे दोन्ही जागी एकाच जाडीची तार लागते आणि ताणही सारखाच येतो. इंचाच्या दहा सहस्रांश जाडीची (पाकिटावर ०.०१०) पोलादी तार असेल तर तो ताण जवळपास सहा किलो. म्हणजे एवढीशी खुंटी सहा किलोचं ओझं दिवसरात्र बाजूला ओढलं जात असताना धरून ठेवते.

आता नवा पेग, म्हणजे नवी खुंटी, खरंच हवाय का, ते बघा. गिअर नसलेल्या, निव्वळ घर्षणावर चालणाऱ्या पेगच्या बटणाच्या टोकाला एक स्क्रू असतो. तार उतरत असेल तर तो पाव आटा आवळा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. दुसरी तपासणी म्हणजे तार ज्या छोट्या मण्यावरून किंवा खाचेवरून जाते ती जागा. पेग फिरवताना 'टिंग' असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारत असेल, तर गुन्हेगार तिथे आहे. खाचेत शिसपेन्सिलीचं टोक चार वेळा घासा आणि पुन्हा लावून बघा.

एवढं करूनही स्वर हाती लागत नसेल, तर गिअरचा विचार करायला हरकत नाही. ढोबळ हिशेब सांगतो. मोकळी लोंबणारी तार जी पर्यंत चढवायला ती ताणावी लागते फक्त साडेतीन मिलिमीटर. पेगचा दांडा सहा मिमी जाड धरला, तर अर्ध्या स्वराला खुंटी फिरते अवघी ८ अंश. घड्याळातल्या मिनिटकाट्याला तेवढं सरकायला दीड मिनिटही लागत नाही. १:१ च्या (बटणाचा एक वेढा म्हणजे दांड्याचाही एक) पेगवर जी बरोबर लावायची म्हणजे त्या ८ अंशांतला विसावा भाग बोटाने पकडायचा. ४:१ च्या, आत ग्रहमालेसारखी दातेरी चाकं असलेल्या पेगवर तेच ८ अंश ३२ होतात आणि हात सुटसुटीत चालतो. रिकार्डसारखे काही कारागीर १०:१ चेही करतात. माझं मत विचाराल तर पोलादी तारेला ४:१ पुरेसं आहे. नायलॉनच्या किंवा आतड्यासारख्या तारा लावणाऱ्याने मात्र गिअरसाठी हट्ट धरू नये. त्या तारा कितीतरी जास्त ताणाव्या लागतात, म्हणून साधी खुंटीही नीट ऐकते. एकोणिसाव्या शतकातले बँजो लाकडी खुंट्यांवर चालायचे ते यामुळेच. फक्त अशी जाड तार पेगच्या भोकातून जाईल ना, तेवढं आधी बघा.

इथपर्यंतचं सगळं लोक हौसेने वाचतात आणि मग चकाकी बघून पेग मागवतात. मीही तेच केलं. मी इथे नॉर्थ कॅरोलायनात राहतो. नामवंत बँजोवादक अर्ल स्क्रग्ज १९२४ साली याच राज्यातल्या क्लीव्हलंड काउंटीत जन्मला, त्यामुळे गल्लोगल्ली कोणी ना कोणी बँजोवाला भेटतो आणि प्रत्येक जण पेगचं नाव सांगतो. भोकाचं माप कोणी विचारत नाही. सेकंडहँड बँजोवरचा घर्षणाचा पेग काढला, गिअरवाला नवा पेग भोकाशी धरला, तो अर्धाच आत गेला. थोडंसंच राहिलंय, असं म्हणून मी रबरी हातोडीने दोन टोले दिले. दुसऱ्या टोल्याला 'चट्' असा आवाज आला. भोकापासून मागच्या बाजूला केसाएवढी चीर, नखाला लागेल अशी. मेपलचं लाकूड कठीण असतं, ते दबत नाही, फाटतं.

म्हणून मागवण्याआधी मोजा. बाजूच्या पेगचा आत जाणारा भाग सरळ नसतो. तो टोकाकडे निमुळता होत जातो आणि त्यावर बारीक उभ्या रेघा असतात, लाकडात रुतून राहण्यासाठी. जुना पेग काढताना तो सरळ बाहेर ओढायचा. पिळलात तर त्या रेघा भोक किसून मोठं करतात. हलत नसेल तर धातूवर गरम सोल्डरिंग आयर्न मिनिटभर टेकवा, डिंक सैल होतो. मग व्हर्निअर कॅलिपरने तीन मापं घ्या: भोकाच्या तोंडाचा व्यास, जुन्या पेगच्या टोकाचा व्यास आणि भोकाची खोली. खोलीसाठी आगपेटीची काडी आत घालून नखाने खूण केली तरी चालते. जुन्या घर्षणाच्या पेगचा दांडा बहुधा बारीक असतो, गिअरवाल्याचा बराच जाड, ९-१० मिमीच्या घरातला. गोटो असो, शॅलर असो, कंपनी कुठलीही असली तरी विकणाऱ्याकडून दोन्ही टोकांचे व्यास मागून घ्या आणि तो देत नसेल तर दुसरीकडे जा. नवा पेग भोकाहून जाड निघाला तर उत्तम, भोक कोरून मोठं करता येतं. बारीक निघाला तर भोक लाकडाने बुजवून नव्याने पाडावं लागतं, ते काम माझ्यासारख्याचं नव्हे. खोलीही जपा: बऱ्याच बँजोंत दांडीच्या मधोमध लोखंडी सळई असते, तिच्यापर्यंत पोचायचं नाही.

कोरायला निमुळता रीमर (भोक आतून खरवडून मोठं करायचं हत्यार) लागतो, ड्रिल नाही. रीमरचा उतार पेगच्या उताराशी जुळला पाहिजे, नाहीतर पेग फक्त तोंडाशी घट्ट आणि आत मोकळा राहतो. हाताने, दोन वेढे फिरवायचा, भुसा फुंकायचा, पेग लावून बघायचा. सतारमेकर खुंटी बसवतात त्यांना पाहिलंय का कधी? मिरजेत एकांच्या ओट्यावर बसून मी लहानपणी पाहिलंय: खुंटी घालायची, काढायची, तिच्यावर कुठे चमक आली ते बघायचं, तिथेच कानस मारायची, पुन्हा घालायची. एका खुंटीला अर्धा तास. इथेही घाई नको. पेग हाताच्या दाबाने जाऊन खांद्यापाशी दोन-तीन मिमी उरला की रीमर खाली ठेवा.

उरलेले दोन-तीन मिमी सी-क्लॅम्पने (सी आकाराच्या, स्क्रूने आवळायच्या शिकंज्याने) दाबायचे. त्यासाठी टेबलावर आधीच मांडून ठेवायच्या वस्तू: क्लॅम्प, दांडीच्या पलीकडच्या बाजूला टेकवायला लाकडाचा ठोकळा, त्यावर चिकटवायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पेगसाठी कॉर्क. पेगचं बटण काढून डबीत ठेवा. दाब त्याच्या बाहेरच्या घरावर यायला हवा, फिरणाऱ्या भागावर नाही. दाबण्याआधी तार घालायचं भोक तारेच्या दिशेला आलंय का, ते दोनदा बघा. एकदा रुतला की फिरवून सुधारता येत नाही. पेग थोडा सैलच वाटला तर भोकात पातळ लाकडी पापुद्र्याची पट्टी आणि सरसाचा थेंब; इपॉक्सी नको, पुढे कधी काढायची वेळ आली तर तुम्हीच रडाल.

दिसण्याबद्दल फार बोलत नाही. निकेल जरा पिवळसर ऊबदार दिसतं, क्रोम निळसर. वरचे चार पेग निकेलचे असतील तर पाचवाही तसाच घ्या, नाहीतर रोज खटकेल. त्यापेक्षा उंची महत्त्वाची: पेगवरून निघालेली तार मण्यावर किंचित खाली दबून जायला हवी, नाहीतर ती उसळून खडखडते. गिअरवाला पेग जाडजूड आणि लांब असतो. डावा हात वर सरकताना बटण तळव्याला लागतं का, आणि बँजो पेटीत ठेवून झाकण बंद केल्यावर ते कुठे दबतं का, हे पेग नुसता भोकाशी धरूनही समजतं.

सातव्या, नवव्या, दहाव्या फ्रेटला खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांचे इवले खिळे ठोकून घेणार असाल, म्हणजे पाचवी तार त्याखाली अडकवून ए, बी, सी मिळेल, तर ते काम पेगच्या आधी उरकू नका. नव्या पेगवरून तार किंचित वेगळ्या रेषेत जाते, आणि खिळा त्या रेषेला लागूनच हवा.

तारा मागवताना पाचवीच्या दोन जास्त घ्या, पहिली तुटेल. पहिल्या रात्री ती जी पर्यंत नेऊ नका, एफवर सोडून झोपा. सकाळी पेगचा खांदा आणि दांडी यांच्या फटीत वर्तमानपत्राची पट्टी सरकवून बघा. सरकली नाही तर जी लावा. सरकली तर तार उतरवा आणि क्लॅम्प पुन्हा लावा.