प्रवाळाचा फोटो असा काढा की त्याची ओळख पटेल

मालवणला स्नॉर्केलिंग करून आलेली मंडळी प्रवाळांचे फोटो हौसेने दाखवतात, पण त्यांतल्या बहुतेक फोटोंवरून ते प्रवाळ कोणते हे सांगता येत नाही, कारण फोटो रंगाचा आणि आकाराचा असतो, तर प्रवाळाची ओळख त्याच्या पृष्ठभागावरच्या बारीक वाट्यांत दडलेली असते. प्रत्येक वाटीत एक पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा एक इवलासा प्राणी, राहतो आणि या चुनखडीच्या वाटीला कोरलाइट म्हणतात. रंगावर मुळीच विसंबू नये. तो बराचसा पॉलिपच्या शरीरात राहणाऱ्या एकपेशीय शैवालामुळे येतो आणि एकाच जातीची वसाहत एका ठिकाणी तपकिरी, तर दुसरीकडे हिरवी दिसू शकते.

म्हणून प्रत्येक वसाहतीचे किमान तीन फोटो घ्यावेत. पहिल्यात आजूबाजूच्या खडकासह पूर्ण वसाहत यावी, दुसऱ्यात तिची कड आणि वाढीची ठेवण, म्हणजे ती गोळा आहे, पत्रा आहे की फांदी, हे दिसावे आणि तिसरा फोटो इतका जवळून असावा की दोन शेजारच्या वाट्यांमधली भिंत स्पष्ट दिसेल. या तिसऱ्या फोटोसाठी सर्वांत जास्त वेळ द्यावा. शेजारी मोजपट्टी धरावी, मात्र ती प्रवाळाला टेकवू नये.

त्या भिंतीकडे नीट पाहिले की बरेच काही उलगडते. मधाच्या पोळ्याप्रमाणे शेजारच्या दोन वाट्यांची भिंत एकच असेल तर तो बहुधा फेव्हायटिस प्रकारचा प्रवाळ असतो. प्रत्येक वाटीला स्वतःची भिंत असेल आणि दोन भिंतींमध्ये अरुंद बोळासारखी खाच असेल, तर डिप्सास्ट्रियाचा विचार करावा. वाट्या एकमेकींत मिसळून नागमोडी दऱ्या झाल्या असतील तर प्लॅटिजायरा असू शकतो. पोराइटिसच्या वाट्या दोन मिलिमीटरपेक्षाही लहान असल्यामुळे दुरून तो नुसता गुळगुळीत दगड वाटतो. फांद्यांच्या प्रवाळात टोकाला एकच ठळक वाटी असेल, तर तो अॅक्रोपोरा. पॉलिप उघडे असतील तर त्यांचे स्पर्शक (तोंडाभोवतीचे बोटांसारखे अवयव) मोजावेत: आठ आणि पिसासारखे असतील तर तो मऊ प्रवाळांच्या किंवा समुद्रपंख्यांच्या गटातला आहे, लांब देठाच्या पॉलिपला चोवीस असतील तर गोनियोपोरा आणि बारा असतील तर अल्व्हियोपोरा. ही मोजणी मला सगळ्यांत आनंदाची वाटते.

पाण्यात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, म्हणून खोली बदलली की पांढऱ्या पाटीवर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंग खरे यावेत म्हणूनची जुळणी) पुन्हा लावावा किंवा फ्लॅश वापरावा. कोकणच्या पाण्यात गाळ बराच असतो. अशा वेळी कॅमेऱ्यालगतचा फ्लॅश सरळ समोर मारला तर गाळाचे कण चमकतात आणि फोटोवर बर्फ पडल्यासारखे ठिपके येतात. फ्लॅश बाजूला लांब धरून थोडा बाहेरच्या दिशेला वळवावा. झूम करण्यापेक्षा जवळ जावे, कारण मधले पाणी जितके कमी, तितका फोटो स्वच्छ. मात्र तरंगण्यावर पूर्ण ताबा असल्याशिवाय जवळ जाऊ नये. पायातला एक फिन (पोहण्याचा पंखा) चुकून लागला तरी पॉलिप चिरडले जातात.

मत्स्यालयात अडचण वेगळी असते. निळ्या एलईडी दिव्यांखाली प्रवाळ चमकतात, पण फोटो निळा येतो आणि वाट्यांचे तपशील बुडतात, म्हणून काही मिनिटे पांढरा दिवा लावावा किंवा लेन्सवर पिवळा फिल्टर बसवावा. काच आतून-बाहेरून पुसावी, खोलीतले दिवे बंद करावेत, पाण्याचा पंप थोडा वेळ थांबवावा आणि लेन्स काचेला काटकोनात धरावी, कारण तिरक्या कोनातून काच आणि पाणी मिळून प्रतिमा फाकवतात.

पांढरे प्रवाळ दिसले की त्याला लगेच मेलेले म्हणू नये. विरंजनात, म्हणजे प्रवाळ असे पांढरे पडते तेव्हा, शैवाल निघून गेलेले असते, पण पारदर्शक पॉलिप शाबूत असतात आणि जवळच्या फोटोत ते दिसतातही. मेलेल्या सांगाड्यावर मात्र थोड्याच दिवसांत शेवाळ चढू लागते.

फोटोसोबत तारीख, ठिकाण आणि खोली लिहून ठेवावी आणि नाव प्रजातीपर्यंतच (जीनसपर्यंत) द्यावे, उदाहरणार्थ ‘पोराइटिस, जाती अनिश्चित’. अनेक जातींसाठी सांगाडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि त्यासाठी तुकडा तोडणे हा गुन्हा आहे, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व कठीण प्रवाळांचा समावेश आहे.